सेहेचाळीस, चार सहा

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही नवीनच होते, तेव्हाची एक गोष्ट आधी सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. धामणगाव बढ्याच्या शाळेत गुरुजी अंक सांगायचे आणि आम्ही ते पाटीवर लिहायचो. गुरुजी म्हणाले, पंचवीस. मी लिहिलं ५२. गुरुजींनी कान पिळला. मी रडले नाही, भांडले. म्हटलं, "गुरुजी, तुम्ही पाच आधी म्हनलं, वीस मंग म्हनलं. म्या ऐकलं तसं लिवलं." वर्ग हसला आणि गुरुजींनी दुसराही कान पिळला. बोलताना पाच आधी आणि लिहिताना दोन आधी, हा कुठला न्याय? मला तो पटला नव्हता आणि खरं सांगते, आजही पटत नाही. पण शिकले, कारण कान दोनच होते.

तीच मी पुढे अमरावतीला जाऊन गणितात एम.एस्सी. झाले आणि संगणकाचा कोर्सही केला. मग लग्न होऊन चिखलीला आले. सासरचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान बाजारात होतं. सासरे लवकर गेलेले. माझा नवरा शेती बघायचा, सकाळी अमडापूरच्या वाटेवरच्या मळ्यात गेला की दिवेलागणीलाच घरी. दुकानाच्या गल्ल्यावर बसायच्या माझ्या सासूबाई. सगळा बाजार त्यांना बाई म्हणायचा, म्हणून मीही बाईच म्हणायचे. बाईंच्या शब्दापुढे नवऱ्याचं काही चालत नसे आणि माझं तर नसेच नसे.

दुकानाच्या वर एक खोली होती. तिथे मी दोन जुनी मशीनं आणून संगणकाचा क्लास काढला होता. पहिली काही वर्षं बरा चालला. मग एस.टी. स्टँडजवळ दुसरा क्लास निघाला, तिथे रंगीत पडद्याची मशीनं आणि वर पंखे. आमची पोरं एकेक करून तिकडे गेली. खोली रिकामी दिसायला लागली आणि रिकामी जागा बाईंच्या डोळ्यांत सलते. एक दिवस जेवताना त्या शांतपणे म्हणाल्या, "आखाजीपरेंत पाह्यतो. मंग वर खताच्या गोण्या थापतो. तुह्या मशीनले काय, कुठीबी ठेवजो." वऱ्हाडात बाईमाणूसही ‘मी पाह्यतो’च म्हणते, आणि बाई तसं म्हणाल्या की विषय संपला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्यानंतर पेरणीचा माल यायला लागतो आणि ठेवायला जागा पुरत नाही. बाईंचं काही चुकत नव्हतं. पण मला ती खोली गेलेली चालणार नव्हती. त्या खोलीत मी कुणाची सून नव्हते, कुणाची बायको नव्हते. तिथे मला डोकं होतं.

पुण्यात माझी एक वर्गमैत्रीण एका संगणकाच्या कंपनीत होती. तिच्या कानावर हे घातलं. तिनं तिच्या साहेबांना सांगितलं, आणि काम आलं. त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या गावोगावच्या शाखांतून फ्लॉप्या यायच्या. वाटेत फ्लॉपीतला मजकूर कुणी बदलला तर कळायला हवं. त्यासाठी एक पद्धत असते. फाइल केवढीही असो, तिच्यातलं अक्षरन्‌अक्षर दळून काढून शेवटी एक ठरावीक लांबीची संख्या तयार करायची. तो त्या फाइलीचा ठसा. फाइलीतला एक काना इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो. ठशावरून मात्र मूळ मजकूर कुणाला काढता येत नाही, पिठावरून दाणे परत येत नाहीत तसं. निघताना ठसा काढायचा, पोचल्यावर पुन्हा काढायचा, दोन्ही जुळले की माल अस्सल.

त्यांच्याकडे असा प्रोग्राम होता, पण शाखांमधल्या जुन्या मशीनवर तो इतका रेंगाळायचा की लोक कंटाळून तो बंदच करून ठेवायचे. म्हणजे कुलूप आहे, पण उघडायला वेळ लागतो म्हणून दार सताड उघडं. लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि जाताना मूळ लिखाणही कुणाला सापडू दिलं नव्हतं. साहेबांनी मला पद्धत समजावणाऱ्या इंग्रजी कागदांची झेरॉक्स पाठवली आणि फोनवर सांगितलं, सी भाषेत नव्यानं लिहा, जुन्या मशीनवर धावलं पाहिजे, धावलं तर पुढची कामंही तुम्हालाच. मी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "धावू दे मंग. आखाजी काई दूर नाई."

पद्धत चार मोठ्या संख्यांपासून सुरू होते आणि पुढे दळताना वेगवेगळ्या संख्यांचा एक अख्खा तक्ता लागतो. त्या संख्या साध्या नसतात. त्यांच्यात शून्य ते नऊ असतातच, वर ए पासून एफपर्यंतची अक्षरंही अंक म्हणून येतात. आज मी त्या मशीनकडूनच काढून घेतल्या असत्या. तेव्हा म्हटलं, कागदावर छापलंय ना, मग टाइप करावं. पण झेरॉक्स पुसट. एक नजर कागदावर, एक पडद्यावर, ओळच सापडेना.

तेवढ्यात बाई वर आल्या. गोण्या कशा बसतील ते बघायला आल्या होत्या, हे त्यांनी लपवलंही नाही. भिंतीला हात लावून ओल बघितली, जमीन टाचेनं ठोकून बघितली, आणि मग माझ्याकडे वळल्या. "काय करून राह्यली व?"

"बाई, एवढा कागद वाचून दाखवता?" मी म्हटलं. "मी लिहिते."

"मले विंग्रजी येते का?"

"आकडे येतात. अक्षरं ए ते एफच आहेत."

तेवढी अक्षरं बाईंना येत होती. खताच्या गोण्या आणि ट्रकचे नंबर वाचून वाचून आली होती. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि गोदामात माल मोजून घेताना म्हणतात त्या सुरात सुरुवात केली. "सदुसष्ट, पंचेचाळीस, तेवीस, शून्य एक." बाई दोन-दोन अंकांची जोडी करून वाचत होत्या आणि मी ऐकत टाइप करत होते. मजा आली, खोटं कशाला बोलू. सासू आणि सून तिन्हीसांजेला एका खोलीत बसून असले मंत्र म्हणताहेत हे बाजारात कुणाला सांगितलं असतं तर करणी करताहेत म्हणाले असते. तक्ता संपला तेव्हा बाई म्हणाल्या, "याच्याहून बारदाना मोजलेला बरा." पण उठल्या त्या ताठ मानेनं.

बाकीचं मी दोन-चार दिवसांत लिहिलं. त्या कागदांवरच एक कसोटी दिली होती. ए, बी, सी एवढी तीनच अक्षरं दिली तर ठसा नव्वद, शून्य एक, पन्नास, अठ्ठ्याण्णव असा सुरू व्हायला पाहिजे. माझा भलताच आला. मी म्हटलं, कुठे तरी घोडं पेंड खातंय. सगळी आकडेमोड पुन्हा तपासली. अर्धा प्रोग्राम खोडून नव्यानं लिहिला. ठसा तोच, चुकीचा. कागदच चुकीचा छापला असेल म्हणून छापणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. नवऱ्यावर खेकसले, भाजीत मीठ दोनदा टाकलं. या पद्धतीत हेच वाईट. थोडं चुकलं तर थोडं चुकीचं उत्तर येतं असं नाहीच, सगळंच्या सगळं बिघडतं, आणि कुठे बिघडलं त्याचा पत्ता लागत नाही. इतकं नाजूक असतं म्हणूनच ते कामाचं असतं, हे मला कळत होतं. पण कळून राग कमी होत नाही.

बाईंनी दोन दिवस माझं तोंड बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "आकडे बरोबर टिपले होते का?"

"तुम्ही बरोबर वाचले होते का?" माझ्या तोंडून गेलं.

दुसरी सासू असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. बाई म्हणाल्या, "चाल वर. आता तू वाच, मी कागद पाह्यतो. अन्‌ फोनवर वाचतो तसं वाच."

फोनवर वाचण्याची बाईंची एक रीत होती. पूर्वी कधी तरी त्यांनी अकोल्याला फोन करून पंच्याहत्तर गोण्या मागवल्या होत्या आणि आल्या सत्तावन्न. व्यापारी म्हणाला, बाई, मी पाच ऐकलं आणि पाच आधी लिहिला. तेव्हापासून फोनवर बाई प्रत्येक आकडा एकदा जोडून सांगायच्या आणि एकदा फोडून. पंच्याहत्तर, सात पाच. बाजारात त्यावरून त्यांची नक्कल व्हायची. समोरच्या माणसाला मात्र तसं फोडून सांगत नसत. म्हणायच्या, समोरच्याला काऊन फोडून सांगायचं, तो काय बहिरा हाये?

मी पडद्यावरून वाचायला लागले. "एकोणसत्तर, सहा नऊ." बाई म्हणाल्या, "हाव." "ऐंशी, आठ शून्य." "हाव." असं करत करत एका ओळीवर आलो. "ए आठ. तीस, तीन शून्य. चौसष्ट, सहा चार."

"सेहेचाळीस," बाई म्हणाल्या. "चार सहा."

मी उठून कागद बघितला. चार सहा. बाईंनी तेव्हा सेहेचाळीसच वाचलं होतं आणि माझ्या कानात ‘से’ शिरल्याबरोबर बोटानं सहा दाबून टाकला होता, चाळीस ऐकायलाही ते थांबलं नव्हतं. पाटीवर बावन्न लिहिणारी ती पोर माझ्या बोटात अजून तशीच होती. मी ते दोन अंक उलटवले. प्रोग्राम चालवला. नव्वद, शून्य एक, पन्नास, अठ्ठ्याण्णव. बाईंनी स्वतः पडद्यावरून शेवटपर्यंत वाचला तो ठसा, जोडून आणि फोडून, आणि म्हणाल्या, "आता कसं."

पण आता कुठे अर्धं झालं होतं. उत्तर बरोबर, चाल मात्र बैलगाडीची. मोठी फाइल दिली की चहा करून, पिऊन, कप धुऊन यावं तरी चालूच. पुण्याच्या जुन्या प्रोग्रामपेक्षाही थोडा मागेच. आखाजी तर उंबऱ्यात आली होती.

एक गोष्ट मला लवकर सापडली. त्या पद्धतीत चार संख्या असतात आणि प्रत्येक फेरीला त्या एकमेकींच्या जागा घेतात. मी इमानदारीत प्रत्येक वेळी चारही उचलून हलवत होते. म्हणजे पंगतीत एकाला वाढून झालं की सगळ्यांना उठवून पुढच्या पाटावर बसवायचं, असला प्रकार. माणसं बसू द्यावीत आणि वाढणाऱ्यानं पुढे सरकावं. मी फेऱ्या एकाखाली एक सुट्या लिहून काढल्या आणि प्रत्येकीत फक्त नावं बदलली, संख्या जागच्या जागी. फरक पडला, चांगला पडला. पण साहेब ज्याला धावणं म्हणत होते ते हे नव्हतं.

त्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. बाई हिशेबाला बसल्या होत्या, मी शेजारी चहा घेऊन. मध्येच त्या म्हणाल्या, "तुह्या त्या कागदावरचा पहिलाच आकडा उलटा होता. मी तईच म्हनणार होतो."

"कसा उलटा?"

"सदुसष्ट, पंचेचाळीस, तेवीस, शून्य एक. शेपटीकून पाह्य. शून्य एक, दोन तीन, चार पाच, सहा सात. सरळ उजळणी हाये. कोणं तरी मागून पुढं लिवली."

मी कप खाली ठेवला. त्यातलं गणित मला पूर्वीच माहीत होतं, कागदावर तसं स्पष्ट लिहिलंही होतं की ही पद्धत संख्येचा शेपटाकडचा तुकडा आधी घेते. आणि आमचं मशीनही पोटात संख्या तशीच ठेवतं, शेपूट आधी, तोंड मागून. दोन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या माहीत होत्या. आणि तरी मी काय करत होते? फाइलीतून एक-एक अक्षर उचलत होते, त्याला त्याच्या स्थानावर सरकवत होते, चार-चारांची मोळी बांधत होते, म्हणजे संख्या ‘नीट’ व्हावी. गुरुजींनी शिकवलेली नीट. मोठं आधी, लहान मागून. फाइलीत ती ज्या क्रमानं पडली होती तो क्रम मशीनला आपोआप समजत होता. मी फक्त हात लावायचा नव्हता.

पंचवीस. पाच आधी, वीस मागून. माझं मशीन मराठीत मोजत होतं.

मी जिना चढले तो दोन-दोन पायऱ्या टाकत. मोळ्या बांधणारा सगळा भाग पुसून टाकला आणि मशीनला सांगितलं, चार अक्षरं आहेत तशी उचल आणि संख्या समजून वापर. आधी ए, बी, सीचा ठसा. नव्वद, शून्य एक. मग मोठी फाइल. कळ दाबली आणि सवयीनं चहा करायला उठायला गेले, तर पुरती उभी राहायच्या आधी ठसा पडद्यावर. मी पुन्हा चालवला. पुन्हा तसंच. हसले, एकटीच. कान पिळणारे गुरुजी त्या क्षणी समोर असते तर मी त्यांना नमस्कार केला असता आणि म्हटलं असतं, बघा, बावन्न पण बरोबर असतं.

फ्लॉपी पुण्याला गेली. चार-पाच दिवसांनी भर दुपारी फोन आला, साहेबांचा. फोन खाली दुकानात, मशीन वर. साहेब म्हणाले, "तुमचा प्रोग्राम काहीच करत नाही. लगेच संपतो." मी म्हटलं, "साहेब, तो संपत नाही, तो उरकतो." त्यांना पटेना. म्हणाले, "मला वाटतं तो मधला भाग सोडून देतो. आमच्या सॅम्पलची फाइल आहे ना तुमच्याकडे? तिच्यात मी सांगेन तो एक बदल करा आणि ठसा सांगा. मी इथे जुन्या प्रोग्रामनं काढतो." हातच्या काकणाला आरसा कशाला? मी तयार. पण वर पळायचं, बदल करायचा, खाली यायचं, पुन्हा दुसरा बदल. बाईंनी माझ्या हातातून फोनचा रिसीव्हर काढून घेतला. "तू वर जाय. मी सांगतो त्याले."

मग जे झालं ते मी वरून, जिन्याच्या तोंडाशी कान देऊन ऐकलं. बाई ओरडून मला बदल सांगायच्या, मी करायचे, ठसा छापून कागद खाली टाकायचे आणि बाई तो पुण्याला वाचायच्या. "लिवा. चौऱ्याण्णव, नऊ चार. एफ तीन. एकोणचाळीस, तीन नऊ." मध्ये साहेब काही तरी म्हणाले असावेत. बाई म्हणाल्या, "मी कोण म्हंजे? मी तिची सासू हाये. तुम्ही लिवा." मग पुढे, "नाई, फोडूनच सांगा लागते. आमच्याकडं तशीच रीत हाये." पुण्याचा जुना प्रोग्राम तिकडे रेंगाळत होता आणि बाई फोनवर वाट बघत होत्या. एकदा त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून मला वर ओरडून विचारलं, "याहीचं मशीन झोपलं का?" मी वर तोच ठसा पुन्हा पुन्हा काढून ताडत होते आणि यांना विनोद सुचत होते.

पहिला ठसा जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्या वेळी साहेबांनी फाइलीच्या अगदी शेवटचं अक्षर बदलायला सांगितलं, मधला भाग सोडत असेल तर इथे पकडू म्हणून. मी कागद टाकला. बाईंनी वाचला, सावकाश, एकही जोडी न चुकता. पुण्याचं मशीन पुन्हा रेंगाळलं. गल्ल्यापुढे दोन शेतकरी सोयाबीनच्या बियाण्यासाठी खोळंबले होते. बाई म्हणाल्या, "हाव. हाव. बरं. सांगतो तिले." आणि फोन ठेवला.

मी वरूनच विचारलं, "काय म्हणाले?"

"जुळलं म्हनते. पुढचं काम पाठवून राह्यला." आणि शेतकऱ्यांकडे वळून, "कोणतं बेनं देऊ?"

आखाजीनंतर चार दिवसांनी खताचा ट्रक आला. मी दुपारची झोप सोडून वरच बसले होते, कारण बाई खोलीबद्दल एक शब्दही बोलल्या नव्हत्या आणि मी विचारलं नव्हतं. खाली हमालानं विचारलं, "बाई, गोण्या वर न्यायच्या ना?"

"नाई," बाई म्हणाल्या. "मांघच्या वसरीत थापा. वर आमचं आकड्याचं काम चालते."

आमचं म्हणाल्या. मी जिन्याच्या तोंडाशी होते, नीट ऐकलं. त्यांनी ते फोडून सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.